लेखक जेव्हां गुप्तहेर होतो

गुप्तहेरकथा म्हटली कीं घरांतील वडील मंडळी किंचित् नाक मुरडतात, आणि दुपारच्या निवांत वेळीं तेंच पुस्तक उशाखालून काढून वाचतात, हा अनुभव कांहीं नवा नव्हे. इंग्रजी वाङ्मयांत या कथांची एक निराळी शाखा अलीकडे चांगलीच फोफावली आहे. तींत काळ इतिहासांतला असतो, गुन्हा बहुधा कल्पनेंतला असतो, आणि छडा लावणारी व्यक्ति मात्र एखादी खरीखुरी, नामांकित लेखक असते. घरोघरचीं तरुण मुलेंमुली हीं पुस्तकें आवडीनें वाचतात. तेव्हां त्यांची पारख कोणत्या कसोटीनें करावी, याचा विचार या महिन्यांत करूं.

या शाखेचा पाया घालणाऱ्यांत लिलियन द ला टोर या अमेरिकन लेखिकेची गणना केली पाहिजे. १९४३ पासून तिनें ज्या कथा लिहिल्या त्यांचे नायक डॉ. सॅम्युएल जॉन्सन, म्हणजे १७५५ सालीं इंग्रजी भाषेचा कोश सिद्ध करणारे महापंडित, हे होत. त्यांचा चरित्रकार बॉस्वेल हाच येथें कथा सांगतो. ही योजना ओढूनताणून आणलेली नाहीं. १७६२ सालीं लंडनच्या कॉक लेन नांवाच्या गल्लींत भुताटकीची मोठी आवई उठली होती. एका घरांत रात्रीं ठोके ऐकूं येत, आणि एका मृत स्त्रीचा आत्मा आपल्यावर विषप्रयोग झाल्याचें त्या ठोक्यांनीं सांगतो, असें लोक म्हणत. चौकशीस जे गृहस्थ गेले त्यांत जॉन्सन होते. आवाज घरांतील मुलीकडूनच निघतात, भूतबीत कांहीं नाहीं, असा निर्वाळा त्यांनीं दिला. म्हणजे पंडितांच्या हातीं शोधकाचा दिवा कथालेखिकेनें दिला, त्यापूर्वींच तो त्यांनीं स्वतः एकदां घेतला होता.

याहून अधिक लोकप्रिय झालेली माला जेन ऑस्टेन हिची. स्टेफनी बॅरन या टोपणनांवानें लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिकेनें १९९६ ते २०२३ या काळांत जेनला शोधक करून पंधरा कादंबऱ्या लिहिल्या. ही लेखिका पूर्वीं अमेरिकेच्या सरकारी हेरखात्यांत माहितीची छाननी करण्याच्या कामावर होती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जेन (१७७५–१८१७) ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. तिनें सहा कादंबऱ्या पुऱ्या केल्या, लग्न केलें नाहीं, आणि बहुतेक आयुष्य आई व थोरली बहीण कॅसान्ड्रा यांच्या सहवासांत काढलें. तिच्या पत्रांपैकीं सुमारें १६० आज उपलब्ध आहेत. बाकीचीं बरीचशीं कॅसान्ड्रानें नष्ट केलीं. या नाहींशा झालेल्या पत्रांच्या मोकळ्या जागेवरच बॅरन हिनें आपली इमारत उभारली आहे. जेनची हरवलेली रोजनिशी सांपडली, अशी कल्पना करून ती कथा सांगते.

इतक्या शांत घरांतील स्त्रीचा आणि गुन्ह्यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. त्यास इतिहासच उत्तर देतो. १७९९ च्या ऑगस्टांत बाथ येथें जेनच्या सख्ख्या, श्रीमंत मामीवर दुकानांतून लेस चोरल्याचा आरोप आला. लेसची किंमत वीस शिलिंग. परंतु तेवढ्या चोरीलाहि त्या काळच्या कायद्यांत देहान्तशिक्षा लिहिली होती, आणि ती टळली तरी ऑस्ट्रेलियांत हद्दपारीचें भय होतेंच. मामीनें सात महिन्यांहून अधिक काळ इल्चेस्टरच्या तुरुंगाधिकाऱ्याच्या घरीं कैदेंत काढला. मामा स्वखुषीनें तिच्यासोबत राहिले. जेनच्या आईनें आपल्या मुलींना सोबतीस पाठविण्याची तयारी दाखविली होती, ती मामीनें नाकारली. १८०० च्या मार्चांत टॉन्टन येथें खटला चालला आणि ज्यूरीनें थोड्याच मिनिटांत तिला निर्दोष ठरविलें. ज्या घरानें हे महिने सोसले त्या घरांतील मुलीला न्यायालय, पुरावा आणि लोकापवाद हे शब्द परके राहिले असतील काय?

शिवाय तिची कादंबरीच पाहा. १८१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘एमा’मध्यें एका गुप्त वाङ्निश्चयाचे सर्व धागेदोरे वाचकाच्या डोळ्यांसमोर मांडलेले आहेत. केस कापण्याचें निमित्त काढून तरुण लंडनला काय जातो, मागाहून एका गरीब मुलीच्या दारांत पियानो काय येऊन पडतो. मिस बेट्सच्या न थांबणाऱ्या बडबडींत तर कितीतरी खुणा विखुरलेल्या असतात, पण ती ऐकण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत शिवण घेऊन बसलेल्या स्त्रीस कोण कोणाकडे पाहतो आणि कोण मुद्दाम पाहत नाहीं, हें बरोबर समजतें. आपल्या भरल्या घरांतूनहि अशा एक दोन दृष्टि असतातच. तेव्हां पहिली कसोटी ही : कोडें सुटावें तें त्या लेखकाच्या अंगच्या गुणानें. तो गुण काढून घेतला आणि नांवाच्या जागीं दुसरें कोणतेंहि नांव घातलें तरी कथा तशीच चालत असेल, तर तें थोर नांव म्हणजे दुकानावरची पाटी समजावी.

परंतु लेखकानें प्रत्यक्ष आयुष्यांत गुप्तहेर होण्याचा सर्वांत मोठा प्रसंग शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांच्यावर आला, आणि त्यांत मुंबईचा एक धागा आहे. शापूरजी एदलजी हे मूळ मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन ते इंग्लंडांत ग्रेट वर्ली या गांवचे धर्मोपदेशक झाले. १९०३ सालीं त्या भागांत रात्रीं जनावरें कापून टाकण्याचे भयंकर प्रकार घडले. त्यांचा थोरला मुलगा जॉर्ज हा बर्मिंगहॅम येथें वकिली करणारा सॉलिसिटर. संशय त्याच्यावर आला आणि सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनीं त्यास सोडण्यांत आलें, पण निर्दोष म्हणून नव्हे. त्यामुळें वकिलीचा मार्ग बंदच राहिला. १९०७ च्या आरंभीं डॉइल त्यास एका हॉटेलांत भेटण्यास गेले. त्यांस पोंचण्यास उशीर झाला होता, आणि जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांशीं अगदीं जवळ, तेंहि किंचित् तिरपें धरून वाचीत बसला होता. डॉइल यांनीं नेत्रवैद्यकाचा अभ्यास केलेला होता. ज्यास चार पावलांवरचें धड दिसत नाहीं, तो काळोख्या रात्रीं शेतें आणि रेल्वेचे रूळ ओलांडून जनावरावर शस्त्र चालवील काय? डॉइल यांनीं वर्तमानपत्रांत लेख लिहून रान उठविलें. सरकारनें चौकशी नेमली आणि जनावरांच्या गुन्ह्यापुरती जॉर्जला माफी दिली. नुकसानभरपाई मात्र दिली नाहीं, कारण या प्रकरणांतील निनावी पत्रें त्याचींच, असें चौकशी करणाऱ्यांचें मत पडलें. पुढें त्यास वकिली परत मिळाली. इंग्लंडांत फौजदारी अपिलाचें न्यायालय त्याच वर्षीं स्थापन झालें. त्यामागें या प्रकरणानें जागें झालेलें लोकमतहि होतें.

येथपर्यंतची कथा आनंदाची. परंतु तिला पुढचा भाग आहे. डॉइल निरपराध्यास सोडवून थांबले नाहींत. खरा गुन्हेगार म्हणून त्यांनीं त्या भागांतील दुसऱ्या एका इसमाकडे बोट दाखविलें आणि आपली कारणमीमांसा गृहखात्यास सादर केली. खात्यास ती पटली नाहीं. जें डोळ्यांनीं पाहिलें त्यानें एक माणूस सुटला. जें कल्पनेनें रचलें त्यानें कदाचित् दुसरा अडकला असता. ज्युलियन बार्न्स यांची २००५ सालची ‘आर्थर अँड जॉर्ज’ ही कादंबरी वाचावी ती यासाठीं. तींत डॉइल यांचें धैर्य आहे, तशीच गोष्ट पुरी करण्याची कथाकाराची अनावर ओढहि आहे.

दुसरी कसोटी येथूनच मिळते. इतिहास जेथें मुका आहे तेथें कादंबरीकारानें खुशाल बोलावें. जेथें तो स्पष्ट बोलतो तेथें ऐकावें. काल्पनिक उमरावाचा काल्पनिक खून करण्यास हरकत नाहीं. परंतु खऱ्याखुऱ्या मृत माणसाच्या माथीं पुराव्यावांचून पातक मारणें म्हणजे ज्यास उत्तर देतां येत नाहीं त्याच्यावर खटला चालविणें होय. म्हणून अशा पुस्तकाच्या शेवटीं लेखकानें खरें किती आणि रचलेलें किती हें सांगितलें आहे कीं नाहीं, तें अवश्य पाहावें.

घरांतील मुलांच्या हातून हीं पुस्तकें काढून घेण्याचें कारण मुळींच नाहीं. जेनची एक रहस्यकथा वाचून झाली कीं ‘एमा’ पुढें ठेवावी, आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर सहज विचारावें, “यांतलें घडलें किती आणि रचलें किती?” कोणावर आळ घेण्यापूर्वीं हाच प्रश्न स्वतःस विचारण्याची संवय घरांत लागली, तर त्या वाचनाचें सार्थक झालें.