आमचा नाही, ठेकेदाराचा

लोणंद-शिरवळ पट्ट्यातल्या काही कारखान्यांचे स्वागतकक्ष आता बघण्यासारखे झाले आहेत. सोफा, माशांची पेटी, कोपऱ्यात गणपती आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत 'ह्यूमन राइट्स पॉलिसी'. इंग्रजीत. खाली मॅनेजिंग डायरेक्टरची झोकदार सही. कंपनी प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेचा आदर करते, कुणाकडून सक्तीनं काम करून घेत नाही, तक्रार करणाऱ्याला त्रास देत नाही. वाचून डोळे भरून यावेत. त्या चौकटीखालचा सिक्युरिटीवाला मात्र बारा तासांच्या पाळीवर उभा असतो. आठवड्याची सुट्टी घेतली तर त्याचा खाडा धरतात, आणि खुर्चीवर टेकला तर साहेबांना तो आळशी दिसतो. हे त्या चौकटीत बसतं का, असं एचआरच्या माणसाला विचारलं, तर तो जराही न गडबडता सांगतो, "तो आमचा नाही हो, एजन्सीचा आहे."

आमच्या भागातलं औद्योगिकीकरण याच एका वाक्यावर उभं आहे. लोडिंगवाला आमचा नाही, ठेकेदाराचा. कँटीनमधली बाई आमची नाही, केटररची. भट्टीपुढं भाजून निघणारा झारखंडचा पोरगा आमचा नाही, लेबर सप्लायरचा. आयटीआय झालेला मुलगा तर कुणाचाच नाही, तो 'ट्रेनी'. मग कंपनीचं आहे तरी कोण? एमडी, एचआर आणि माशांची पेटी.

मी स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो. सातबारा, पॅनकार्ड, रेल्वेची तिकिटं, आणि अलीकडं सगळ्यात जास्त काम पीएफचं. पाळी सुटली की पोरं येतात, मोबाइल पुढं करतात, ओटीपी सांगतात, आणि पासबुक उघडतं. माण तालुक्यातल्या एका गड्याचं पासबुक सांगतो. चार वर्षं हा एकाच गेटातून आत गेला, एकाच प्रेसवर उभा राहिला, एकाच सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. पासबुकात मात्र तीन ठेकेदार आणि तीन मेंबर आयडी. दोन ठेकेदारांच्या मध्ये दर वेळी महिनाभराचं भगदाड, कारण त्याला 'ब्रेक' दिला होता. वर्षात २४० दिवस भरले तर कायद्यानं थोडं संरक्षण मिळतं ना, मग नोकरी सलग दिसूच द्यायची नाही. पहिल्या ठेकेदारानं जन्मतारीख चुकीची टाकलेली. ती दुरुस्त करायची, तर तो आता फोन उचलत नाही. एका महिन्यात अकराच हजेऱ्यांचा पगार दाखवलेला, गडी शपथेवर सांगतो की सव्वीस भरल्या.

मग त्यानं पगारचिठ्ठीचा फोटो दाखवला. "काका, ह्यात पीएफ दोनदा का कापत्यात?" एकदा बारा टक्के, एकदा तेरा. कारण मालकानं भरायचा हिस्साही तुझ्याच पगारातून जातो, बाबा. पीएफच्या योजनेत याला साफ मनाई आहे. पण त्याला 'सीटीसी' (कॉस्ट टू कंपनी) असं झकास नाव दिलं की पाप धुऊन निघतं. याहून धीट ठेकेदारही आहेत. ते बँकेत किमान वेतनाचा पुरता आकडा जमा करतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून वरचे पैसे रोख परत घेतात. कागद इतका स्वच्छ की ऑडिटरनं पाया पडावं.

हे सगळं ठेकेदाराचं, कंपनीला काय माहीत? हा बचाव १९७६ सालीच मोडीत निघालेला आहे. फॅक्टरी ॲक्टमधल्या कामगाराच्या व्याख्येत त्या वर्षी भर पडली: माणूस थेट नेमलेला असो की ठेकेदारामार्फत आलेला, मुख्य मालकाला माहीत असो वा नसो, तो कामगारच. 'माहीत असो वा नसो' हे ज्यानं कुणी घातलं, त्यानं कारखानदार फार जवळून पाहिले असावेत. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा तर याच्याही पुढं गेला होता. ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य मालकानं द्यायचा, आणि पगार वाटताना कंपनीचा माणूस हजर राहून त्यानं सहीनिशी दाखला द्यायचा. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, हप्ता आधी मुख्य मालकानं भरायचा, मग हवं तर ठेकेदाराकडून वसूल करायचा. पीएफचंही तेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांत विरघळले, तरी बुडवलेला पगार मुख्य मालकाच्या माथी ही तरतूद काही विरघळली नाही. वर प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं. माझ्या दुकानात येणाऱ्या पोरांना नियुक्तिपत्र मागितलं की ती गेटपास काढून दाखवतात.

जगही काही वेगळं सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मानवी हक्क परिषदेनं २०११ साली उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यांचा गाभा असा की स्वतःच्या कारखान्यात काय चालतं एवढं बघून भागत नाही. आपल्या धंद्याच्या साखळीत कुणाचं काय बिघडतंय ते शोधायचं, थांबवायचं आणि झालेलं नुकसान भरून द्यायचं. शेअर बाजाराची नियंत्रक सेबी २०२२-२३ पासून बड्या १००० सूचिबद्ध कंपन्यांकडून दरवर्षी जबाबदारीचा अहवाल मागते, आणि त्यातलं पाचवं तत्त्व मानवी हक्कांचं आहे. आमच्याकडचे बरेचसे कारखाने या बड्यांना माल पुरवणारे. म्हणून बडी कंपनी त्यांना प्रश्नावली पाठवते, ते 'होय' वर टिक करून परत पाठवतात, आणि मुंबईत कुठंतरी गुळगुळीत कागदावर एक हिरवा आलेख वर चढतो.

क्वचित ऑडिटर स्वतः येतो. मग काय थाट! आदल्या दिवशी संडासात साबण ठेवतात आणि बायकांच्या बाजूचं कुलूप निघतं. प्रथमोपचाराच्या पेटीतून गंजलेली कात्री जाऊन नवं आयोडीन येतं. ज्यांचे कागद नाहीत अशा परप्रांतीय पोरांना खोलीवर बसवतात. वर्षातली ती त्यांची एकमेव पगारी सुट्टी. बाकीच्यांची उत्तरं घोकून घेतलेली असतात. ओव्हरटाइमचे दुप्पट मिळतात का? हो सर. तक्रार कुठं करता? पेटीत सर. ती पेटी मी एका ठिकाणी पाहिली आहे. बरोब्बर कॅमेऱ्याखाली टांगलेली, आणि किल्ली एचआरकडं. अशा पेटीत चिठ्ठी टाकायला माणूस एक तर शूर हवा, नाहीतर त्याचा राजीनामा खिशात हवा.

प्रेसखाली बोटं गेली की या साऱ्याचा हिशेब होतो. नव्या माणसाच्या ईएसआय नोंदणीला दहा दिवसांची मुभा आहे. ठेकेदार ती मुभा वर्षभर ताणतो, आणि अपघात झाला की त्याच दिवशी नोंदणी करून माणूस कालच कामाला लागला असं दाखवतो. 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटं गमावलेल्या कामगारांवर २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते आहे. हरियाणातली असोत की महाराष्ट्रातली, त्यातली माणसं मला ओळखीची वाटतात: ईएसआय कार्ड अपघातानंतर मिळालं, प्रेसचा सेन्सर बंद होता, उत्पादन वाढावं म्हणून तो बंद ठेवला होता. कामाच्या तासांचंही असंच. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा पुण्या-मुंबईत चर्चासत्रं झडली. आमच्याकडच्या पोरांना बातमी कळेना. बारा तास तर आधीपासूनच आहेत, मग नवीन काय?

'हा कामगार नेमका कुणाचा' या प्रश्नाचं उत्तर आम्हाला जिनिव्हाहून आणायची गरज नव्हती. ते आमच्याच जिल्ह्यातल्या माणसानं मिळवून ठेवलं आहे. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईच्या गोदीत आणि बाजारात हमालांच्या बाजूनं उभे राहिले, तेव्हा हमालाला मालकच नव्हता. आज या पेढीची गोणी, उद्या त्या पेढीची. प्रत्येक व्यापारी म्हणे, आमचा नाही. १९६९ च्या माथाडी कायद्यानं त्यावर तोडगा काढला. ज्याच्या दारात गोणी उतरते, त्या प्रत्येकानं माथाडी मंडळात मजुरी आणि वर लेव्ही भरायची. पगार, पीएफ, रजा, औषधपाणी मंडळ बघेल. माथाडीच्या नावाखाली आज औद्योगिक पट्ट्यात खंडणी उकळणारे गुंड आहेत, हे मला मान्य आहे, आणि त्यांना पोलिसांनी आत टाकावं. पण कारखानदार गुंडांचं नाव पुढं करून तो कायदाच गुंडाळायला निघतात, तेव्हा त्यांचा राग गुंडावर नसतो, लेव्हीवर असतो.

साखर कारखान्यांनी तर 'आमचा नाही' ही कला शिखराला नेली. दिवाळी सरली की बीडकडून उसाच्या फडात कोयते येतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाईची वेगळी गणतीसुद्धा नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मुकादमाची उचल जोडप्याच्या डोक्यावर. बाई आजारी पडली, खाडा झाला की दंड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं हा धागा शीतपेयांच्या जगप्रसिद्ध कंपन्यांपर्यंत नेऊन भिडवला, तेव्हा सगळ्यांना एकदम धक्का बसला. धक्का बसायला काय झालं? फड कारखान्याच्या धुराड्यावरून दिसतो.

कारखानदारांचं एक म्हणणं मी खोटं म्हणणार नाही. बडी गिऱ्हाईक कंपनी दरवर्षी दर कापते आणि त्याच पाकिटातून मानवी हक्कांची प्रश्नावली पाठवते. हा निव्वळ ढोंगीपणा आहे, आणि तो त्यांनी तिच्या तोंडावर सांगायला हवा. पण सांगत नाहीत. वर भांडायची हिंमत नसली की माणूस खाली पिळतो.

तेवढ्यात कुणीतरी सीएसआरचा विषय काढतो. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हा कंपन्यांचे मंडप उभे राहतात. पाणी, बिस्किटं, रेनकोट, आणि वारकऱ्यापेक्षा मोठे बॅनर. वारकऱ्याला पाणी द्या, अवश्य द्या. पण रात्रपाळीच्या कँटीनमधला कूलर मे महिन्यात बंद पडला, तो आषाढीपर्यंत बंदच का, हेही सांगा. बाहेरच्यांना वाटलेलं दान फोटोत येतं. आतल्याचं देणं दिलं तर त्याचा फोटो कोण काढणार?

आमच्याच लोहमार्गावर खाली मिरजेकडं किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याबरोबर वसाहत वसवली, आणि तुरुंगवास भोगून आलेल्यांना राखणीला ठेवलं. त्यांचं नाव घेऊन आजचे मालक 'आम्ही कामगारांना घरच्यासारखं वागवतो' असं म्हणतात. नका वागवू. घरच्यासारखं म्हणजे काय ते घरातल्या सुनेला विचारा. आम्हाला हिशेबानं वागवा.

हिशेब म्हणजे काय, तेही सांगतो, म्हणजे कन्सल्टंटची फी वाचेल. दर महिन्याला ठेकेदाराचं बिल कंपनीच्या अकाउंट्समध्ये पास होतं. त्याला बिलासोबत पीएफची ईसीआर, म्हणजे भरण्याचं मासिक विवरणपत्र, जोडायला लावा. तिच्यात प्रत्येकाचं नाव, दाखवलेला पगार आणि बिनहजेरीचे दिवस असतात. गेटवरच्या पंचिंग मशीनची हजेरी तुमच्याकडं आहेच. दोन्ही कागद शेजारी धरा, आणि सव्वीसच्या जागी अकरा दिसले तर बिल रोखा. पगार बँकेत गेला का ते बघून थांबू नका, परत काढून घेतला का तेही विचारा, आणि विचारायला एचआर सोडून दुसरा माणूस पाठवा. प्रेसचा सेन्सर बंद करणारा सुपरवायझर आणि तो बंद करायला लावणारं टार्गेट, दोन्ही एकाच दिवशी काढून टाका. चौकटीतलं धोरण मराठीत आणि हिंदीत करून गेटच्या आत लावा, खाली सही तीच ठेवा. आणि हजेरीचा गोषवारा महिन्याच्या पाच तारखेला गेटजवळच्या फळ्यावर चिकटवा, म्हणजे पोरांना मला पैसे देऊन पासबुक बघायला लागणार नाही. माझा धंदा बसेल, बसू द्या.

पहिल्या महिन्यात ठेकेदार बोंब मारतील. दुसऱ्या महिन्यात दोघं-तिघं परवडत नाही म्हणून ठेका सोडून जातील. जाऊ द्या त्यांना. त्यांची माणसं दुसऱ्या दिवशीही तुमच्याच मशीनवर उभी असतील, त्यांना तुमच्या मस्टरवर घ्या.