पदवीच्या पेढ्यांनंतर

जून-जुलै उजाडला की आमच्या मोशीतल्या सोसायट्यांमधून पेढ्यांचे पुडे फिरू लागतात. कुणाची बी.कॉम. झाली, कुणाची बी.एस्सी. फर्स्ट क्लासमध्ये. पेढा तोंडात टाकता टाकता आपण सगळ्याजणी एकच प्रश्न विचारतो, ‘‘मग आता पुढे काय?’’ त्याची उत्तरंही ठरलेली. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागतेय. बी.एड. करतेय. स्थळं बघायला सुरुवात केलीय. ‘‘संशोधन करायचं म्हणतेय, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलाय,’’ हे उत्तर आमच्याकडे फार क्वचित येतं. आणि आलंच, तर समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर अशी काही काळजी उमटते, की मुलीनं काही भलतंच मनात घेतलंय.

यात त्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. १९९७ मध्ये मोशी महापालिकेत आलं, तोवर हे शेतीचं गाव होतं. आज इथल्या घराघरात लातूर, बीड, बुलढाणा, जळगावहून भोसरी-चाकणच्या कंपन्यांसाठी आलेली माणसं राहतात. घरातली पहिली पदवीधर म्हणजे ही मुलगीच. वडील शिफ्टला, आई कुठे पॅकिंगला नाहीतर पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. आता घरात दुसरा पगार यावा, असं त्यांना वाटलं तर ते लोभाचं नाही, गरजेचं आहे. गडबड होते ती पुढच्या समजुतीत. शिकणं म्हणजे खर्च आणि नोकरी म्हणजे पैसा, हे समीकरण इतकं पक्कं बसलंय, की शिकण्यासाठीही दरमहा पैसे मिळतात यावर विश्वासच बसत नाही.

म्हणून आधी आकडाच सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा जेआरएफसह पास झालेल्या संशोधक विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. शिवाय नियमानुसार घरभाडं वेगळं. चाकणला बसनं जाणाऱ्या कितीतरी ट्रेनी मुलींच्या हातात एवढा पगार पडत नाही. अर्थात, परीक्षेला लाखो मुलं बसतात आणि जेआरएफ मिळते ती काही हजारांना. सोपं नाहीच. पण एमपीएससी तरी कुठे सोपी आहे? तिच्यासाठी पोरं पाच-पाच वर्षं पेठेत खोली घेऊन राहतात, आणि आपण त्यांना डबे पाठवतो. आणि नेट काही फक्त सायन्सवाल्यांची नाही. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, गृहविज्ञान, अशा कितीतरी विषयांत ती देता येते. माझ्यासारख्या बी.ए.वाल्यांच्या लेकींनी हे विशेष लक्षात ठेवावं. आपल्याकडे ‘आर्ट्‌स केलं म्हणजे संपलं’ असं म्हणायची पद्धतच आहे.

आता वयाचं. जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० वर्षं, पण महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत आहे. म्हणजे पस्तिशीपर्यंत दार उघडं. आमच्या बचत गटात एम.ए., एम.एस्सी. झालेल्या सुना आहेत. मूल तीन-चार वर्षांचं झालंय, घरात बसून कंटाळा येतोय, आणि ‘आता काय वय राहिलंय’ असं तिशीतच म्हणतात. त्यातल्या दोघींना मी हा नियम सांगितला तेव्हा त्यांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग मला विचारलं, ‘‘ताई, नक्की?’’

नक्की. आणि त्याहूनही महत्त्वाचा नियम पुढे आहे. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत महिलांना प्रबंध पूर्ण करायला इतरांपेक्षा दोन वर्षं जादा देता येतात. बाळंतपण किंवा मुलाच्या संगोपनासाठी संशोधनाच्या काळात २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. आणि लग्नामुळे किंवा तशाच कारणानं गाव बदलावं लागलं, तर काही अटी पाळून झालेलं काम दुसऱ्या विद्यापीठात नेता येतं. आपल्याकडे संशोधनाच्या विरोधातला पहिला मुद्दा काय असतो? ‘‘अर्ध्यात लग्न झालं तर?’’ त्याचं उत्तर सरकारी नियमातच लिहून ठेवलेलं आहे. ते आपल्या घरापर्यंत पोहोचलं नाही, एवढंच. विज्ञान शाखेच्या बायकांसाठी तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं २००२-०३ पासून खास योजना चालवल्या, संसारामुळे ज्यांच्या कामात खंड पडला त्यांना पुन्हा प्रयोगशाळेत आणण्यासाठी. त्यांची नावं अधूनमधून बदलतात, म्हणून हल्लीचं नाव विभागाच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं. त्यात पेटंटच्या कामाचं प्रशिक्षण देणारीही एक योजना आहे. घरची जबाबदारी असलेल्या मुलीला ते काम चांगलं जमण्यासारखं आहे, असं माझं मत.

एकुलत्या एक मुलीसाठी आयोगाची सावित्रीबाई जोतिराव फुले यांच्या नावाची वेगळी फेलोशिप आहे. सध्या एका मुलीवर थांबलेली घरं आमच्या सोसायट्यांत पुष्कळ आहेत. त्यांना कुणी हे सांगितलंय का? राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. महाज्योती सोडली तर बाकी तिन्हींची मुख्यालयं पुण्यातच आहेत, आपल्यापासून दोन बसच्या अंतरावर.

या संस्थांचं कौतुक करताना त्यांच्याबद्दलची तक्रारही मांडली पाहिजे. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळात फेलोशिपच्या जागा वाढवा अशी मागणी झाली, तेव्हा सरकारच्या बाजूनं उलट प्रश्न आला, की पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार? त्याच महिन्यात या संस्थांच्या फेलोशिपसाठी झालेल्या चाळणी परीक्षेत २०१९ ची जुनीच प्रश्नपत्रिका आल्याची ओरड झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. त्याआधी आणि नंतरही फेलोशिपसाठी मुलंमुली उपोषणाला बसली, मोर्चे निघाले. फेलोशिप मंजूर झाली तरी पैसे महिनोन् महिने थकतात ही तर सगळीकडचीच रड. मुलगा असला तर मित्राच्या खोलीवर पथारी टाकून दिवस काढतो. मुलीचे पैसे थकले की घरचे म्हणतात, ‘‘पुरे झालं, ये परत.’’ सरकारला ही दिरंगाई कागदावरची वाटत असेल, पण आमच्यासारख्या वस्तीत तिच्यामुळे एखाद्या मुलीचं शिक्षण कायमचं थांबतं. कंपनी पगाराची तारीख पाळते म्हणून बाप मुलीला कंपनीत धाडतो. सरकारनंही फेलोशिपची तारीख पाळावी, मग बघा.

राहता राहिला दिवे लावण्याचा प्रश्न. कमला भागवत या मुलीनं १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकानं केली आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला. संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. मुलींना आम्ही घेत नाही, असं त्यांनी कळवलं. ही बाई थेट बंगळूरला जाऊन हटून बसली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून, पहिलं वर्ष जणू परीक्षेवर. त्या वर्षात तिनं काम असं केलं, की पुढे रामन यांना मुलींसाठी दार उघडावंच लागलं. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर तिनं काम केलं. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातलाच विषय की! मग शिष्यवृत्तीच्या बळावर केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे तिनं दाखवलं, आणि १९३९ मध्ये पीएच.डी. घेऊन परत आली. प्रबंध किती पानांचा, तर साधारण चाळीस. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं. लग्नानंतर ती कमला सोहोनी झाली, मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागली, गरीब आणि आदिवासी मुलांच्या पोषणासाठी नीरेवर काम केलं. दुर्गा भागवत आपल्या सर्वांच्या ओळखीच्या. कमलाबाई त्यांची धाकटी बहीण. एकीचं नाव घरोघर पोहोचलं आणि दुसरीचं पोहोचलं नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

लांब कशाला जायचं? भोसरीच्या एमआयडीसीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. मोशीच्या कितीतरी बायका रोज त्याच एमआयडीसीत कामाला जातात. पाषाणच्या विषाणू संस्थेत २०२० च्या मार्चमध्ये करोनाचा विषाणू वेगळा काढला गेला, तेव्हा संस्थेच्या संचालक डॉ. प्रिया अब्राहम या एक स्त्रीच होत्या. तिथल्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या मुली काही आकाशातून पडलेल्या नाहीत. कुणीतरी त्यांना कधीतरी एक फॉर्म आणून दिला असणार.

फॉर्मवरून आठवलं. शिष्यवृत्ती बुद्धीमुळे हुकते त्यापेक्षा कागदामुळे जास्त हुकते, हा माझा अनुभव आहे. जाहिरात येते, पंधरा-वीस दिवसांची मुदत असते, आणि तेव्हा उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलच्या रांगेत उभं राहायचं. जातीचा दाखला मूळ गावचा. जात पडताळणी अजून झालेलीच नाही. लग्न झालेल्या मुलीचं तर विचारूच नका. गुणपत्रिका माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं, बँकेत तिसरंच काहीतरी. एका मुलीचा अर्ज निव्वळ नावाच्या घोळात अडकला आणि मुदत संपून गेली. खूप हुशार मुलगी. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण शिकणाऱ्या मुलीचं नाव बदलायची घाई कुणी करू नये, असं मी आता प्रत्येक लग्नघरात सांगते. लोक हसतात. हसू देत. आणखी एक, नॉन-क्रीमी लेअरचा दाखला लग्नानंतरही आई-वडिलांच्या स्थितीवरून ठरतो, नवऱ्याच्या नाही. हे न कळल्यामुळे सासर-माहेर अशा विनाकारण चकरा होतात.

परदेशाचं तर आपल्याकडे नावच काढत नाहीत. पण १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, ती शिष्यवृत्ती नसती तर काय झालं असतं? जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला, तेव्हा सुरुवातीच्या मानकऱ्यांत फ्रेनी कामा ही डॉक्टर स्त्री होती. तो निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. के. सी. महिंद्र ट्रस्ट बिनव्याजी कर्ज देतो. त्या महिंद्रच्या चाकणच्या कारखान्यात आपल्याकडचे किती बाबा कामाला आहेत! केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत, अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन मजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांसाठी, आणि त्यात ३० टक्के मुलींसाठी. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इंग्लंडची चेव्हनिंग शिकण्याचा, राहण्याचा, विमानाचा सगळा खर्च करते, पण आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. म्हणजे चाकणची दोन वर्षं वाया जात नाहीत, उलट उपयोगी पडतात. शिकून झालं की दोन वर्षं मायदेशी परत यायचं, अशी तिची अट आहे. मुलगी तिकडचीच होईल या भीतीनं झोप उडणाऱ्या आयांना ती आवडावी. जर्मनीच्या डीएएडीची माहितीही अवश्य घ्यावी. या सगळ्यांचे अर्ज जायच्या जवळपास वर्षभर आधी करायचे असतात, हे मात्र ध्यानात ठेवायचं. आणि ‘तुमची शिष्यवृत्ती मंजूर झालीय, सोडवायला अमुक हजार भरा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्यायचा.

महापालिका दहावी-बारावीच्या गुणवंतांना बक्षिसं देते, सत्कार होतात, फोटो छापून येतात. चांगलंच आहे. पण खरी अडचण पदवीनंतर सुरू होते, आणि तिथे कुणीच नसतं. माझी मागणी मोठी नाही. पालिकेच्या वाचनालयांत आठवड्यातून एक दिवस, रविवारी, या शिष्यवृत्त्यांची मराठीतून माहिती देणारं एक टेबल असावं. एक संगणक, एक प्रिंटर आणि फेलोशिप मिळवलेली एखादी मुलगी, दोन तासांसाठी. अशा मुली आपल्याच भागात आहेत, त्यांना विचारलं तर त्या आनंदानं येतील.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आमच्या गटानं एक वही केली आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या वस्तीतल्या मुलींची नावं, विषय आणि कोणाचे कुठले दाखले बाकी आहेत, ते तिच्यात लिहितो. नेट वर्षातून दोनदा होते, साधारण जून आणि डिसेंबरच्या सुमारास, म्हणून दिवाळीच्या आधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर ती वही उघडायची, असं ठरलंय. आत्ता तिच्यात अकरा नावं आहेत. सातजणींची जात पडताळणी व्हायची आहे.