विमानांची नोंद किती, आवक किती?



नवी मुंबईच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन दि. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रत्यक्ष विमाने सुटू लागली. तेव्हापासून गटवार दौऱ्यात ऊस सोडून दुसराच विषय निघतो आहे. "साहेब, पोराला पायलटच्या कोर्सला घालावं म्हणतोय. बँकेला लावायला ऊस नोंदीचा दाखला पाहिजे." वाशीच्या मार्केटात, कामोठ्यात, कळंबोलीत आपल्या भागातली पुष्कळ माणसे आहेत. उलव्याचा डोंगर सपाट होताना त्यांनी पाहिला, धावपट्टी होताना पाहिली. त्यामुळे हे वारे गावाकडे यायला वेळ लागला नाही.

दाखला देणे हे माझे कामच आहे आणि तो मी देतो. पण पन्नास लाखांच्या वरचे कर्ज आणि तारणाला बागायत जमीन असा व्यवहार असेल, तर दाखल्याबरोबर चार गोष्टी सांगणे हेही शेतकी खात्याचे काम आहे असे मी मानतो.

उदाहरणाला मी एकच कंपनी घेतो, अकासा एअर. ती मुंबईची आहे, वयाने लहान आहे, नवी मुंबईतून पहिल्याच दिवशी ज्या कंपन्यांची विमाने उडाली त्यांत ती होती, आणि तिची वाढ आपल्या डोळ्यांसमोर झालेली आहे. विनय दुबे हे तिचे प्रमुख. पूर्वी ते जेट एअरवेजचे प्रमुख होते. भांडवलात मोठा वाटा शेअरबाजारातले राकेश झुनझुनवाला यांचा. दि. ७ ऑगस्ट २०२२ रोजी पहिले विमान मुंबईहून अहमदाबादला गेले आणि आठवडाभरात, १४ ऑगस्टला, झुनझुनवाला वारले. तरी कंपनी चालली. मार्च २०२४ मध्ये मुंबईहून कतारमधील दोहापर्यंत पोचली.

ही कंपनी स्वस्त दराची, पण संकरित जातीची. संकर म्हणजे काय हे ऊसवाल्याला शिकवायला नको. कोइमतूरला जाड रसाळ ऊस आणि रानटी काटक ऊस यांच्या संकरातून को २०५ हा वाण निघाला आणि १९१८ साली शेतकऱ्यांच्या हातात आला. आपले को ७४० काय किंवा ८६०३२ काय, त्याच वाटेने आलेले. एका बापाचा गोडवा घ्यायचा, दुसऱ्याचा काटकपणा घ्यायचा. अकासाने काटकपणा घेतला स्वस्त कंपन्यांकडून. सगळी विमाने एकाच जातीची, बोइंग ७३७ मॅक्स. म्हणजे सुटे भाग एकच, मेकॅनिकचे शिक्षण एकच, वैमानिक कुठल्याही विमानावर बसवता येतो. खाणे तिकिटात धरलेले नाही, पाहिजे त्याने पैसे देऊन घ्यावे. आणि विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवायचे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन जाते, उतारा जातो, हे आपण जाणतो. विमानातली रिकामी जागा त्याहून नाशवंत. दार लागले की तिची किंमत शून्य, तिचा गूळही करता येत नाही.

गोडवा घेतला तो भारी कंपन्यांकडून. पाय ठेवायला जरा ऐसपैस जागा, फोन चार्ज करायची सोय, बरे जेवण, एवढेच काय, नोव्हेंबर २०२२ पासून पाळीव कुत्र्या-मांजरालाही बरोबर नेता येते. (आपल्याकडे एस.टी.त कोंबडी नेली तरी कंडक्टर डोळे वटारतो!) वाण चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ऊस विकास अधिकारी फुटवे मोजून वजन लिहीत नाही. आता आकडे बघा. कंपनीने नोव्हेंबर २०२१ मध्ये ७२ विमानांची मागणी नोंदवली, २०२३ मध्ये आणखी ४, आणि जानेवारी २०२४ मध्ये एकदम १५०. एकूण नोंद २२६. पहिले वर्ष पुरे व्हायच्या आत २० विमाने हातात आली होती, ही आवक खरोखर जोरदार. पुढच्या दोन वर्षांत मात्र फक्त दहाच्या आसपास आली. २०२५ च्या मध्याला ताफा तीसच्या घरात होता. कागदावर २२६, काट्यावर तीस!

यात कंपनीचा दोष फारसा नाही. दि. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स विमानाचा, दाराच्या जागी बसवलेला एक तुकडा हवेतच निखळला. मग तिथल्या सरकारने बोइंगच्या उत्पादनावर महिन्याला ३८ विमानांची मर्यादा घातली. त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये बोइंगच्या कामगारांचा संप झाला, तो सात आठवडे चालला. अमेरिकेतल्या कारखान्यात संप झाला आणि मुंबईच्या कंपनीची वाढ खुंटली. आपल्याकडे नोंद भरपूर असते आणि मृगच कोरडा जातो, तसलाच प्रकार.

आता मुख्य गोष्ट, माणसांची. गाळप नुसत्या यंत्रावर होत नाही, फडात टोळ्या लागतात. २०२३ च्या पावसाळ्यात अकासाचे ४३ वैमानिक नोटिशीची मुदत न पाळता दुसरीकडे गेले. नियमाप्रमाणे मुख्य वैमानिकाने एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची नोटीस द्यायची असते. ऑगस्ट-सप्टेंबरात शेकडो उड्डाणे रद्द करावी लागली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. उचल घेतलेली टोळी ऐन हंगामात दुसऱ्या कारखान्याच्या अड्ड्यावर दिसली की आपल्या चिटबॉयची जी अवस्था होते, ती त्या बड्या कंपनीची झाली.

पुढे उलटे झाले. माणसे कमी पडू नयेत म्हणून आधीच भरती करून ठेवली, आणि विमानेच आली नाहीत. २०२५ मध्ये भरती केलेल्या वैमानिकांपैकी मोठा भाग विमानांची वाट बघत बसून होता. कंपनीच्या जागी बसून विचार केला तर हा निर्णय चूक म्हणता येत नाही. आपणही दसऱ्याच्या आधी मुकादमाला उचल देतोच, धुराडे पेटल्यावर टोळी शोधायला निघत नाही. पण यात एक बारीक गोष्ट आहे, ती घरच्या माणसांनी ओळखली पाहिजे. विमान उशिरा आले तर कंपनी फारतर वाढ पुढे ढकलते. पोराचा बँकेचा हप्ता मात्र कोणी पुढे ढकलत नाही. शिवाय या धंद्यात बढती तासांवर मिळते. मुख्य वैमानिकाच्या परवान्याला किमान १,५०० तासांचे उड्डाण लागते. जो जमिनीवर बसला त्याचे तास जमत नाहीत, म्हणजे पगार वाढायची वेळही लांबते.

कोणी म्हणेल, वैमानिकांचा तर तुटवडा आहे, आम्ही टी.व्ही.वर पाहिले. खरे आहे. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, एकट्या ५ तारखेला हजारावर. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पुरे लागू झाले आणि कंपनीने त्या मानाने माणसे उभी केली नव्हती. लोक दोन-दोन दिवस विमानतळावर अडकले. मग त्याच वर्षी एकीकडे माणसे बसून आणि दुसरीकडे माणसे नाहीत, हे कसे? उत्तर सोपे आहे. इंडिगोचा मोठा ताफा एअरबसचा, अकासाचा बोइंगचा. एका जातीच्या विमानाचा शिक्का असलेला वैमानिक दुसऱ्यावर तसाच बसू शकत नाही, त्याला त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. दुसरे असे की तुटवडा पडतो तो अनुभवी वैमानिकांचा. दोनशे तास उडून नुकताच परवाना घेतलेला मुलगा रांगेत शेवटी उभा असतो.

देशाला पुढच्या पंधरा-वीस वर्षांत तीस हजार वैमानिक लागतील, असे सरकारकडून सांगितले जाते. लागतीलही. पण तो आकडा वीस वर्षांचा आहे आणि तुमचा हप्ता दर महिन्याचा. जाहिरातवाले दोन्ही एका ओळीत छापतात, याचा मला राग येतो.

या धंद्याची जमीनही चिबड आहे. कर्नाटकातल्या हसन जिल्ह्यात रेशमाची शेती करणारे कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन काढली आणि साध्या माणसाला विमानात बसवले. शेतकरी माणूस, कल्पना उत्तम. पण पाचेक वर्षांत ती किंगफिशरमध्ये गेली आणि किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली. जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्टची विमाने इंजिनांअभावी उभी राहिली आणि मे २०२३ मध्ये तीही गेली. दर वेळी परवानेवाली मुले-माणसे रस्त्यावर आली, त्यांतली काही दुसरीकडे लागली, काही अजून लागायची असतील.

मग मुलांना पाठवायचेच नाही का? तसे मी म्हणत नाही. नवी मुंबईची पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची आहे, काम तर वाढणारच. मुलींनीही यावे, वैमानिकांत बायकांचे प्रमाण आपल्या देशात जगात वरच्या नंबरात आहे, आणि ही गोष्ट गावात फार कमी जणांना ठाऊक आहे. फक्त पायलट म्हणजेच विमानतळ, असे धरू नका. विमान दुरुस्ती-देखभालीच्या अभियंत्याचे शिक्षण पायलटपेक्षा बरेच स्वस्त आहे, आणि विमान उडो न उडो, त्याची तपासणी करावीच लागते. सामान चढ-उतार, माल विभाग, शीतगृह, इकडेही माणसे लागतात. मात्र या जागांवर पनवेल-उरणच्या भूमिपुत्रांचा हक्क आधीचा आहे हे विसरू नये. त्यांच्या भातशेतीवर हा विमानतळ उभा आहे, दहा गावठाणे उठली आहेत. जासईच्या १९८४ च्या आंदोलनात त्यांची पाच माणसे गोळीबारात गेली, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली साडेबारा टक्के जमिनीचा हक्क त्यांनी झगडून मिळवला. धरणाखाली जमिनी गेलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

आणि पायलटच व्हायचे असेल, तर संस्था निवडताना इमारत बघू नका. गोंदिया असो, बारामती असो, नाहीतर रायबरेलीजवळची फुरसतगंजची सरकारी अकादमी असो, जागेवर जाऊन विचारा की उडण्याजोगी विमाने आज किती, शिकवणारे किती, मुले किती, आणि मागच्या तुकडीचे दोनशे तास किती महिन्यांत पुरे झाले. पुष्कळ ठिकाणी दीड वर्षाचे काम तीन वर्षांवर जाते, कारण विमान दुरुस्तीला असते किंवा पावसाळा आडवा येतो. फीच्या आकड्यात विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण धरले आहे का तेही लेखी घ्या. ते बहुधा धरलेले नसते आणि त्याला वेगळे काही लाख लागतात. मग हप्ता परवाना मिळाल्यावर दोन वर्षे नोकरीशिवाय भरता येईल का, याचा हिशोब घरी बसून करा. खोडव्याच्या बिलावर विसंबून तो हिशोब बसत नाही, हे मी बिलांच्या याद्या बघूनच सांगतो आहे.

या सगळ्याच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. व्यावसायिक वैमानिकाला वर्ग १ ची तपासणी पास व्हावी लागते. डोळे, कान, हृदय, रंग ओळखण्याची नजर, सगळे बघतात. तिला खर्च काही हजारांचा. रंगांधळेपणा घरात कोणाच्या लक्षातही आलेला नसतो आणि फीचे हप्ते भरून झाल्यावर तो निघतो, असे होऊ नये. गट ऑफिसात दाखल्याला येताना त्या तपासणीचा कागद बरोबर आणावा. नियम नाही, माझी विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी