मांडव कुणाचा आणि माईक कुणाचा?

"लेखकानं लिहावं, राजकारणात नाक खुपसू नये" असले मेसेज परवापासून आपल्या गावातल्या तीन-चार ग्रुपवर फिरतायत. निमित्त आपल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं. त्यावर येतोच. पण आधी दुर्गा भागवतांबद्दल लिहितो, कारण या वाक्याला मराठीत सगळ्यात सणसणीत उत्तर त्यांनी दिलंय, आणि तेसुद्धा यजमान समोर असताना.

डिसेंबर 1975. आणीबाणी लागून सहा महिने झालेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात. अशात कराडला 51वं साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे कराडचे घरचेच, आणि त्याच वेळी इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री. जयप्रकाश नारायण तेव्हा मूत्रपिंडाच्या आजारानं मुंबईत जसलोकमध्ये होते. दुर्गाबाईंनी त्या मांडवात आणीबाणीविरुद्ध बोलून दाखवलं आणि जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितली. ज्यांचं नाव पेपरात छापायचं म्हणजे दहादा विचार करावा लागे, त्या माणसासाठी प्रार्थना! केंद्रीय मंत्र्याच्या गावात, त्याच्याच पाहुणचारात.

नव्या पोरांना दुर्गाबाई म्हणजे 'ऋतुचक्र'मधला एखादा उतारा एवढंच माहीत असतं. बाई काही रोज मोर्चे काढणाऱ्या नव्हत्या. लोकसाहित्याच्या अभ्यासक. 'व्यासपर्व' लिहिणाऱ्या, 'पैस' लिहिणाऱ्या. पाककलेवर 'खमंग' नावाचं पुस्तकही त्यांचंच. (त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी, केंब्रिजची पीएचडी मिळवलेली शास्त्रज्ञ. त्या घरावर खरं तर वेगळी पोस्ट व्हायला हवी.) एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून आयुष्य काढणारी ही बाई. मग ती राजकारणावर का बोलली?

माझ्या मते ती लोकसाहित्याची अभ्यासक होती म्हणूनच बोलली. जात्यावर बसलेली बाई ओवीत सासूला बोलते, नवऱ्याला बोलते, आणि त्याबद्दल तिला कुणी जाब विचारत नाही. तमाशातला सोंगाड्या पाटलाची टोपी उडवतो, राजाची अक्कल काढतो आणि पुढच्या रांगेत बसलेला पाटीलच सगळ्यात मोठ्यानं हसतो. भारुडात तर कुणीच सुटत नाही. आपल्या संस्कृतीत मोठ्याला तोंडावर बोलायची सोय आधीपासून आहे. संस्कृती वेगळी आणि राजकारण वेगळं ही वाटणी अलीकडची, आणि ती बहुतेक वेळा ज्याला बोलणं टोचतं तोच करतो.

आता यशवंतरावांचंही सांगायला हवं. त्यांची अडचण केवढी झाली असेल! दिल्लीत कुणी ना कुणी विचारलंच असेल. पण बाईंच्या हातून माईक काढून घेतला गेला नाही, संमेलन गुंडाळलं गेलं नाही. स्वतः वाचणारा-लिहिणारा माणूस होता तो. म्हणून तो काळ फार भला होता असं मी म्हणत नाही. 1976 मध्ये दुर्गाबाईंना अटक झालीच, तीही एशियाटिकमधून. पुढे 1977च्या निवडणुकीत त्या काँग्रेसविरोधात प्रचाराला उतरल्या, पु. लं.सारखे लेखकही उतरले. सरकार बदललं, पण बाईंनी कसलं पद घेतलं नाही. सरकारी मानसन्मानही नाकारत राहिल्या. ज्याला काही नको असतं त्याला गप्प कसं करणार?

आता यवतमाळ आठवा. जानेवारी 2019, 92वं संमेलन. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं. इंदिराबाईंची सख्खी आतेबहीण असून आणीबाणीला विरोध केलेली ही लेखिका. आधी बोलावलं, मग येऊ नका म्हणून कळवलं. कारण त्यांच्या इंग्रजीचं पुढे आलं, पण भाषण आधीच पोचलं होतं आणि त्यात आजच्या सत्तेबद्दल काय आहे ते सगळ्यांना कळलं होतं. महामंडळाच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. 1975 मध्ये आणीबाणी असून बाई बोलल्या. 2019 मध्ये आणीबाणी नव्हती. इथं सरकारला काही करावंच लागलं नाही, आयोजकच आधी घाबरले.

काही जण म्हणतील, संमेलनाला खर्च येतो, सरकारी अनुदान लागतं. बरोबर आहे. अनुदान आता 50 लाखांवरून 2 कोटींवर गेलंय आणि तो पैसा कुठल्या पक्षाचा नाही, तुमच्या-आमच्या कराचा आहे. तो घ्यायला माझी हरकत नाही. नेत्यांनी यायलाही हरकत नाही, खुशाल यावं, ऐकावं. हरकत आहे ती "साहेबांना काय वाटेल" हे वक्त्याचं नाव ठरायच्या आधी विचारण्याला.

आणि आपल्या गावात नेमकं तेच चाललंय. इतकी वर्षं व्याख्यानमाला व्यापाऱ्यांच्या, मास्तरांच्या, डॉक्टरांच्या वर्गणीवर चालली. पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते दारोदार फिरायचे. यंदा एका नेत्याच्या प्रतिष्ठाननं सगळा खर्च उचलायची तयारी दाखवलीय. मागणी साधीच दिसते, कमानीवर फोटो आणि वक्त्यांची यादी आधी बघायला हवी. एका ज्येष्ठ लेखकाचं नाव त्या यादीतून गळालं. विषय होता 'शेती, पाणी आणि लोकप्रतिनिधी'. त्यांना कळवलं की तारखा जुळत नाहीत.

पेपरवाल्यांकडूनही यात फार अपेक्षा ठेवू नका. वाढदिवसाच्या जाहिराती कुणाच्या असतात ते पान उघडलं की दिसतं. म्हणून हे इथं लिहितोय.

पाच दिवसांची व्याख्यानं, माईक, खुर्च्या, वक्त्यांचा प्रवास आणि मानधन. गावात दुकानं किती, शिक्षक किती, तुम्हीच मोजा. प्रत्येकी पाचशे निघाले तरी भागतं, सतरंजीवर बसायची तयारी असेल तर अजून कमीत. रविवारी संध्याकाळी साडेसहाला वाचनालयात सभासदांची बैठक आहे. ज्यांच्याकडे सभासद कार्ड आहे त्यांनी यावं. जुनं पावतीपुस्तक कपाटात अजून शिल्लक आहे, ग्रंथपालांना मी कालच विचारलंय.