जट म्हणजे देवीचा कौल नव्हे



मुलीच्या केसांत गुंता झाला, की घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, "जट आली, फणी लावू नका, देवी कोपेल." नागऱ्यासारख्या, प्राचीन शिवमंदिर असलेल्या गावी तर जटेला पावित्र्य सहजच चिकटते. पण जट म्हणजे काय? गळालेले केस विंचरून काढले नाहीत, म्हणजे ते उभ्या केसांत अडकतात. घाम, तेल व धूळ यांनी त्यांची दोरी वळते. पुढे मानेवर ओझे येते, उवा होतात, झोप उडते. याच जटेच्या नावाने कित्येक मुली यल्लम्मेला सोडल्या गेल्या. ती प्रथा मोडण्यासाठी मुंबई इलाख्यात 1934 साली व महाराष्ट्र राज्यात 2005 साली कायदा करावा लागला.

उरुवेल काश्यप व त्याचे जटिल अनुयायी यांनी भगवान बुद्धांना शरण जाताना आपल्या जटा कापून नदीत सोडल्या, असे विनयपिटक सांगते. ते भ्याले नाहीत. मग आपण का भ्यावे?

कोवळी जट तेल लावून, टोकापासून मुळाकडे, बोटांनी व जाड दात्यांच्या फणीने सोडवा. घट्ट झालेली कात्रीने कापा. मात्र बळजबरी करू नका. जिच्या डोक्यावर जट आहे, तिच्या मनातील भीती प्रथम दूर करा, तिचा होकार घ्या. आणि नंतर घरात काही दुखणे आले, तर त्याचा दोष तिच्या माथी मारू नका, दवाखान्यात जा.