लस आधी की ताप आधी?

आमच्या पिढीच्या दंडावर देवीच्या लसीचा वण अजून आहे. रोग येण्याआधी लस टोचायची, हे आम्हाला कुणी शिकवावे लागले नाही. डेंग्यूच्या पहिल्या लसीने मात्र हे गृहीतच उलटे केले आणि त्याची किंमत फिलिपाइन्सने मोजली.

एप्रिल २०१६ मध्ये त्या देशाने शाळाशाळांतून ‘डेंगवॅक्सिया’ टोचायला सुरुवात केली. ८ लाखांहून अधिक मुलांना किमान एक मात्रा मिळाली. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी सनोफी या उत्पादक कंपनीनेच जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लसीनंतर तीव्र डेंग्यूचा धोका वाढतो.

असे का व्हावे? डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट पेशीत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू पुष्कळदा अधिक घातक. कोऱ्या शरीराला ही लस पहिल्या संसर्गासारखीच वाटते; मग डास चावून होणारा पहिला खरा डेंग्यू दुसऱ्यासारखा वागतो. ज्याला तो होऊन गेला आहे, त्याच्या शरीरातली जुनी ओळख मात्र लसीने जागी होते आणि संरक्षण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने मांडलेला ५ वर्षांचा हिशेब असा : पूर्वी डेंग्यू झालेल्या १००० जणांमागे १५ जणांचे रुग्णालय टळते, न झालेल्या १००० जणांमागे ५ जण जास्तीचे दाखल होतात.

एकूण बेरीज फायद्याचीच. पण संमतिपत्रावर सही करणाऱ्या आईला ही बेरीज कशी सांगणार? किमान ९ वर्षे वयाची अट हा निव्वळ अंदाज होता, की तोवर बहुतेकांना डेंग्यू होऊन गेला असेल. रक्त तपासून कुणी पाहिले नाही. लहान मुलांत दाखल होण्याचे प्रमाण वाढल्याचे चाचण्यांतून २०१५ मध्येच दिसले होते, हे मला सर्वांत खटकते. पुढे तिथल्या पालकांचा इतर लसींवरचाही विश्वास उडाला. २०१९ मध्ये गोवराची मोठी साथ आली, तिच्यामागच्या कारणांत हेही एक होते.

आपल्याकडे २०१७-१८ च्या पाहणीत ५ ते ४५ वयोगटातल्या ४८.७ टक्के लोकांना डेंग्यू होऊन गेल्याचे आढळले. म्हणजे निम्मा देश कोरा. ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला देशी डेंग्यू लसीची मोठी चाचणी सुरू झाली. ही लस वेगळ्या घडणीची, एकाच मात्रेची आहे. तिला फिलिपाइन्सच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरी तिच्या निकालाच्या तक्त्यात मी आधी एकच रकाना शोधणार आहे : ज्यांना कधीच डेंग्यू झाला नव्हता, त्यांचा.