एका दिवसाची धाव, आठवड्याची साधना

पावसाळा सरू लागला की आपल्या किनारपट्टीवर शर्यतींचे वेध लागतात. मुंबईत २००४ साली मॅरेथॉन सुरू झाली, साताऱ्याच्या डोंगरवाटेवर २०१२ साली अर्धमॅरेथॉन आली आणि धावण्याचे हे वारे गोव्यातही पोहोचले. तरुण-तरुणींबरोबर पन्नाशी ओलांडलेले गृहस्थही पहाटे मिरामारच्या बाजूला धावताना दिसतात, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र या उत्साहाला शिस्तीची जोड नसेल, तर शर्यतीचा दिवस उजाडण्यापूर्वीच गुडघे आणि पोटऱ्या कुरकुरू लागतात. उत्साह विझतो आणि धावणेच वाईट, असा बोल उगाच लावला जातो.

अर्धमॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर सुमारे ९७ मीटर. हे अंतर एका दिवसाच्या जिद्दीने कापता येत नाही. ते आठवड्या-आठवड्याने कमवावे लागते. जो न थांबता ५ किलोमीटर धावू शकतो, त्याला १२ आठवड्यांची तयारी पुरेशी ठरावी. जानेवारीतल्या शर्यतीसाठी ऑक्टोबरातच पाऊल उचलले पाहिजे.

आठवड्याची आखणी साधी असावी. सोमवारी विश्रांती. मंगळवारी ५-६ किलोमीटर सावकाश. सोबत्याशी बोलता येईल इतकाच वेग. बुधवारी बळाचा व्यायाम. गुरुवारी मध्ये थोडा वेळ वेग वाढवून धावणे. शुक्रवारी पुन्हा बळाचा व्यायाम, पण हलका. शनिवारी विश्रांती किंवा चालणे. रविवारी लांब धाव. ती ८ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दोन किलोमीटरने १८ पर्यंत न्यावी, दर चौथ्या आठवड्याला कमी करावी, आणि शेवटचे दहा दिवस अंतर उतरवून शरीराला ताजे होऊ द्यावे.

या आखणीतला बुधवार आणि शुक्रवार हाच आमच्या आग्रहाचा विषय आहे. धावणारे पुष्कळ, पण बळ कमावणारे थोडे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाहून कितीतरी अधिक भार एका पायावर येतो. मांड्या, नितंब, पोटऱ्या आणि कंबर यांचे स्नायू दुबळे असतील, तर तो सांध्यांना सोसावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचविला, तो केवळ मल्लांसाठी नव्हे. आपल्या तालमींनी दंड-बैठकांचा वारसा दिलेलाच आहे. बैठका, पायरीवर चढउतार, टाचा उचलणे, दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणे: अर्ध्या तासात हे सारे घरच्या ओसरीवर होते, महागड्या जिमची वर्गणी लागत नाही.

किनाऱ्याच्या हवेचेही भान हवे. दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. लांब धाव उजाडण्यापूर्वीच सुरू करावी, वेग आवरावा, आणि परतल्यावर पाण्याबरोबर मीठ घातलेली पेज घ्यावी. उतरत्या मऊ वाळूवर रोज धावणे एका बाजूचे पाय दुखविते. छातीत दुखणे, चक्कर वा धाप लागणे याला जिद्दीने उत्तर देऊ नये. थांबावे आणि वैद्यांकडे जावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर सुरुवातीलाच तपासून घ्यावे.

सारा भार धावणाऱ्यावरच टाकून मात्र चालणार नाही. शर्यतीच्या सकाळी रस्ते मोकळे करणे, फिती कापणे आणि पदके वाटणे सोपे असते. पण उरलेल्या दिवसांचे काय? पहाटे अंधाऱ्या रस्त्यावर भरधाव वाहनांच्या कडेने धावणाऱ्या मुलीला वाटेवर दिवा हवा असतो, पदक नव्हे. शाळांची मैदाने पहाटे दोन तास उघडावीत, पालिकांनी धावण्याचे मार्ग उजळावेत, पंचायतींनी ओस पडलेल्या व्यायामशाळांना पुन्हा हात द्यावा. २०२३ साली गोव्याने राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरविल्या. त्यानिमित्त उभ्या राहिलेल्या सोयींचा लाभ सामान्य नागरिकास मिळाला, तरच तो खर्च सार्थकी लागला म्हणावयाचा.

शर्यतीचा दिवस वर्षातून एकदा येतो. सोमवार दर आठवड्याला येतो. त्या सोमवारपासून सुरू होणाऱ्या सात दिवसांची राखण धावणाऱ्याने करावी आणि त्याच्या वाटेची राखण समाजाने करावी, एवढेच आमचे मागणे आहे.